चंद्र जामीन राहिला

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं येतं, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे तेव्हाही नीट कळलं नव्हतं, आता विचारायलाही कुणी नाही. त्यात मिरचीच्या कामानं बोटं जाड झाली आहेत, पेन धरला की निसटतो. हे मी कुणाला दाखवणार नाही. तरी माफी मागून ठेवते, कारण लिहायला बसलं की कुणीतरी समोर येऊन बसल्यासारखं वाटतं.

मला बोलणं जमत नाही. चार बायका बसल्या असल्या की मी ऐकते आणि मान हलवते. आयुष्यात एकदाच मी सगळ्यांसमोर पुढे होऊन बोलले, एका बाईसाठी जामीन राहिले. त्याचं लिहायचं आहे. पण ते आभाळापासून सुरू होतं, म्हणून तिथूनच लिहिते.

आम्ही सक्करदऱ्याला तलावामागच्या वस्तीत राहतो. घरधनी रंगकाम करतात. मी मिरचीच्या सातऱ्यावर जाते. सातरा म्हणजे मिरची वाळवायची आणि निवडायची जागा, एका बाजूला उघडं मैदान आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याची शेड. भिवापूरची, तेलंगणातली, कुठकुठली मिरची पोत्यांनी येते, तिचा ढीग घालतात आणि आम्ही बायका भोवती बसून देठ खुडतो. जेवढं वजन भरेल तेवढी मजुरी. नवी बाई आली की दिवसभर शिंकते आणि हातांची आग होते म्हणून रात्रभर जागते. आमचं ते सगळं कधीच मागे पडलं. आता हात आपले आपण चालतात आणि मन कुठंही फिरून येतं.

तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. जिचं गाव तेच तिचं नाव. माझं माहेर खाप्याचं, कन्हान नदीकाठचं, म्हणून मी खापावाली. एक वरंगलवाली, एक डोंगरगडवाली, एक मोमिनपुऱ्याची म्हातारी, तिला सगळ्या चाची म्हणतात. आणि माझ्या शेजारी बैहरवाली. ती बालाघाटकडच्या जंगलातली गोंडाची बाई. नवरा मेल्यावर पोरीला घेऊन नागपूरला आली, आमच्याच वस्तीत खोली घेऊन राहिली. कितीतरी वर्षं आम्ही दोघी ढिगाच्या एकाच बाजूला बसत आलो. ती बोलायची आणि मी ऐकायची. तिलाही ते बरं पडत असावं.

त्या वर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं. शेठला माल लवकर पाठवायचा होता, म्हणून ज्यांना यायचं त्यांनी यावं असा निरोप मुकादमानं दिला. शेठ स्वतः सकाळपासून ग्रहणाचं सुतक पाळून घरात बसला होता.

"शेठ घरात बसून राहिला अन् आपण इथं," डोंगरगडवाली म्हणाली. "त्याले गिराण लागते, आपल्याले लागत नाही का वं?"

"आपल्याले रोजच लागून राहते," बैहरवाली म्हणाली. "एका दिवसाचं काय घेऊन बसली."

बैहरवालीची पोरगी त्या दिवशी आईसोबत आली होती. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. दिवाळीला माहेरी आली होती आणि दुसरा महिना लागला होता. खोलीत एकटी ठेवायची नाही म्हणून आईनं तिला शेडमध्ये आणून भिंतीला टेकून बसवलं आणि बजावलं, "हात मांडीवर ठेव. कशाले हात लावू नको." लग्नाआधी तीही आमच्यासोबत मिरची खुडायची. ती नुसती बसलेली पाहायची सवय आम्हाला नव्हती आणि तिलाही नव्हती.

मग प्रत्येकीनं तिला आपल्याकडचं सांगितलं. वरंगलवाली म्हणाली, चाकू नको, सुई नको, कुशीवर झोपायचं नाही. त्यांच्याकडे ग्रहणात परातीत पाणी घालून मुसळ उभं करतात, ते कुणी न धरता उभं राहतं आणि ग्रहण सुटलं की पडतं. डोंगरगडवाली म्हणाली, पोटाला गेरू लावायचा. चाची कोपऱ्यात चटई झाडत होती, तिला नमाज पढायची होती. ती म्हणाली, "हमारे में कहते हैं, ग्रहण किसी के मरने-जीने से नहीं लगता. बस, ऊपरवाले को याद करो और बैठो." सगळ्यांचं ऐकून पोरगी हसली आणि म्हणाली, "मी हाललीच नाही तं झालं ना?"

साडेचार वाजून गेले, पाच झाले. शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. रोज संध्याकाळी त्यातून उन्हाचे गोल ठिपके आत येतात आणि मिरचीच्या ढिगावर पडतात. त्या दिवशीही पडले. मी खुडता खुडता बघत होते आणि मला वाटलं डोळ्यांत मिरची गेली असेल, कारण ठिपके गोल नव्हते. एकेका ठिपक्याचा कडेचा तुकडा मोडलेला, भाकरीचा मोडतात तसा. सगळ्यांचा एकाच बाजूनं. लाल मिरचीवर ते मोडके उन्हाचे तुकडे हळूहळू सरकत होते. धूळही लाल होती आणि उजेडही लाल होत चालला होता. एकीचाही हात थांबला नव्हता, पण बोलणं थांबलं होतं. सातऱ्यावर एवढी शांतता मी आधी ऐकली नव्हती. वाळलेली मिरची हातात वाजते, तेवढाच आवाज.

तेव्हा बैहरवालीनं तिच्या गावची गोष्ट सांगितली. मोठ्यानं नाही, मला आणि पोरीला ऐकू येईल एवढ्यानं.

फार आधी माणसाकडे पेरायला दाणा नव्हता. माणसं एका सावकाराकडे गेली. सावकार म्हणाला, देतो, पण जामीन कोण राहतो? माणसासाठी माणूस उभा राहीना. झाड म्हणालं, मी नाही. नदी म्हणाली, मी इथं थांबतच नाही. सूर्य आणि चंद्र वरून ऐकत होते. ते म्हणाले, आम्ही राहतो जामीन, आम्ही कुठं पळून जाणार आहोत. माणसांनी दाणा आणला, पेरला, खाल्ला, विसरून गेली. सावकार विसरला नाही. अधूनमधून त्याला आठवण होते, मग तो वर जाऊन कधी सूर्याची मान धरतो तर कधी चंद्राची.

"म्हणून आमच्या इथं अंगणात धान ठेवते," ती म्हणाली. "घे बाप्पा, अन् सोड त्याले. त्यानं कुठं खाल्लं? त्यानं फक्त हो म्हटलं."

त्या सावकारासाठी वसुलीला फिरणारी माणसं मला माहीत होती. ती आमचीच होती.

आमचे आजोबा खाप्याला ग्रहणाच्या वेळी टोपलं घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचे. "दे दान, सुटे गिराण." लोक दुरूनच टोपल्यात धान्य टाकायचे, जुने कपडे टाकायचे, आणि चंद्र सुटला असं समजायचे. बुद्धाची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते टोपलं कन्हानच्या पाण्यात सोडून दिलं. माझे वडील मागावर साड्या विणायचे. ग्रहण आलं की ते मुद्दाम उजेडात बसून जेवायचे आणि आम्हालाही सोबत बसवायचे. म्हणायचे, "आभाळाची वसुली आपल्या बापानं सोडली. आता त्याचं तो पाहीन." माझ्या लहानपणी ग्रहण म्हणजे सगळी गल्ली दारं लावून बसलेली आणि आम्ही अंगणात भाजी-भाकर खातो आहोत, असं आहे. मला लाज वाटायची आणि मजाही वाटायची.

त्या संध्याकाळी सूर्य तसाच मोडका मावळला. सुटताना कुणाला दिसलाच नाही. आम्ही वजन करून घरी गेलो.

पुढच्या मृगात पोरीला मुलगी झाली. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, नाकापर्यंत. आतली टाळूही थोडी उघडी. बाकी लेकरू छान होतं, डोळे तर आजीचेच. पण दूध ओढता येईना. कापसानं, चमच्यानं, थेंब थेंब पाजावं लागे आणि अर्धं नाकातून परत यायचं.

सासरच्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ग्रहणात काय तोडलं. पोरगी म्हणाली, काही नाही. सासू म्हणाली, आठव. नणंद म्हणाली, आठव. काही ना काही तोडल्याशिवाय असं होतच नाही. ती बिचारी चार दिवस आठवत बसली. नवं बाळंतपण, झोप नाही, लेकरू रडतंय, आणि ती आठवतेय. शेवटी तिला आठवलं. शेडमध्ये बसली असताना एक मिरची ढिगावरून घरंगळून तिच्या ओच्यात आली होती. तिनं ती उचलली आणि तिच्या बोटांनी देठ खुडून टाकला. मनात काही नव्हतं. इतकी वर्षं हातात मिरची आली की देठ खुडायचा, एवढंच त्या हातांना माहीत होतं.

तिनं ते खरं सांगून टाकलं. न सांगती तर कुणाला कळलं नसतं. मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते, मला दिसलं नव्हतं.

एका मिरचीच्या देठासाठी तिला लेकरासकट माहेरी आणून सोडलं. नवरा दारात उभा राहिला, आत आला नाही.

"काकू, हात आपोआप गेला," ती मला म्हणाली. मी लेकराला घेतलं आणि चमच्यानं दूध पाजत बसले. ते काम मला चांगलं जमायचं. त्यात बोलावं लागत नाही.

मोठ्या दवाखान्यात सांगितलं की ऑपरेशन फुकट होईल, पण लेकराचं वजन भरलं पाहिजे. वजन भरायला महिने लागणार होते. डब्याचं दूध, वेगळी बाटली, सारख्या चकरा, खोलीचं भाडं. पोरगी कामाला जाऊ शकत नव्हती आणि बैहरवालीचेही अर्धे दिवस बुडत होते. तिनं आमच्या बचत गटातून कर्ज मागितलं.

आमच्या गटाचा नियम असा की कर्ज घेणारीसाठी दुसऱ्या एका बाईनं सही करायची. तिनं फेडलं नाही तर सही करणारीनं फेडायचं. बैठक अध्यक्षबाईच्या ओसरीवर होती. अध्यक्षबाई वाईट नाही, पण पैशाच्या बाबतीत कडक आहे. ती म्हणाली, "कोण राहते जामीन?"

बायका आपापले पदर सारखे करू लागल्या. एकजण म्हणाली, "तिचं इथं काय आहे वं? भाड्याची खोली. उद्या उठून जंगलात गेली तं कोण जाईन तिच्या मागं?" दुसरी हळूच म्हणाली, "गिराणाचं लेकरू आहे, त्याच्यात पैसा पुरते का कधी." बैहरवाली खाली बघत पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. सातऱ्यावर सगळ्यांची तोंडं बंद करणारी ती बाई.

मी म्हटलं, "मी राहते."

आवाज एवढा बारीक निघाला की अध्यक्षबाईनं विचारलं, "कोण बोललं?" मग सगळ्या माझ्याकडे वळून बघू लागल्या आणि माझे कान तापले. मी परत म्हटलं. सही केली, ती पण वाकडी आली.

घरी सांगितल्यावर घरधनी जेवता जेवता थांबले. "तुह्या तोंडातून शब्द निघत नाही, अन् तू जामीन राहिली?"

"राहिली."

"मले विचारलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

ते हसले आणि परत जेवायला लागले. रंगकामाचा पैसा पावसाळ्यात येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ऑपरेशनच्या वेळी मी सुट्टी काढून दोन दिवस दवाखान्यात राहिले. त्या वॉर्डात सगळी तसलीच लेकरं होती. गडचिरोलीची, छिंदवाड्याची, एक ओडिशाची बाई नवऱ्यासोबत इथं विटांच्या भट्टीवर आलेली. प्रत्येकीला कुणीतरी विचारलेलं होतं, काय तोडलं, काय कापलं. एकीनं भोपळा चिरला होता. एकीनं ब्लाउजचं बटन लावलं होतं. ओडिशावालीला तर ग्रहण कधी होतं हेच माहीत नव्हतं, तिला सासरच्यांनी नंतर सांगितलं. दुपारी लेकरं झोपली की त्या खालच्या आवाजात एकमेकींना आपापलं सांगायच्या. पडदे हिरवे होते, उन्हानं सगळा वॉर्ड पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा, आणि त्या पाण्यात या बायका बसून चंद्र-सूर्याची कामं बोलत आहेत असं मला वाटायचं. मिझोरामकडची एक नर्स होती. ती म्हणाली, त्यांच्याकडे एक मोठं जनावर चंद्राला गिळतं, मग सगळं गाव ढोल वाजवून त्याला घाबरवतं. त्या जनावराचं नाव तिनं सांगितलं होतं, पण मला ते लिहिता येणार नाही.

एक तरुण डॉक्टरीण रोज यायची. तिनं बैहरवालीच्या पोरीला समजावून सांगितलं की पोटात ओठ दोन बाजूंनी वाढत येतो आणि मध्ये जुळतो. कधी कधी जुळायचा राहतो. त्यात आईचा हात नसतो, आभाळाचाही नसतो. पोरगी मान हलवत होती, पण मला दिसत होतं की ती अजून त्या मिरचीपाशीच आहे. डॉक्टरणीलाही ते दिसलं असावं. ती जायला निघाली होती, ती परत वळली आणि पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "मेक्सिको म्हणून एक देश आहे, खूप लांब. तिकडच्या बायकासुद्धा म्हणतात की ग्रहण लेकराच्या ओठाचा चावा घेतं. मग तिथल्या गरोदर बायका काय करतात, माहीत आहे? पोटावर कपड्याला सेफ्टी पिन लावून फिरतात. पिन असली की लेकरू वाचतं म्हणे."

पोरीनं पहिल्यांदा डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. "पिन?"

"पिन."

"आमच्यात तं पिनीले हात लावू देत नाही."

"तेच सांगते आहे," डॉक्टरीण म्हणाली आणि गेली.

पोरीनं लेकराला मांडीवर घेतलं. त्या लांबच्या देशातल्या बायका तिला दिसत असतील, असं मला वाटलं. मला तर दिसत होत्या. कुठल्यातरी उन्हाच्या गावात पाण्याला निघालेल्या, पोटावर पिन चमकते आहे. त्यांच्यातल्याही एखादीचं लेकरू असंच जन्मलं असेल आणि तिलाही सासूनं विचारलं असेल, पिन कुठं विसरली होतीस? हे मी बैहरवालीला हळूच बोलून दाखवलं. तिनं पोरीला सांगितलं. पोरगी हसली. आणि मग खूप रडली, लेकरू झाल्यापासून रडली नव्हती तेवढी.

"एकीकडं पिन लावली तं चालते, एकीकडं लावली तं चालत नाही," बैहरवाली बाहेर व्हरांड्यात मला म्हणाली. "चंद्राले काय पाह्यजे, हे त्यालेच ठाव नाही वाटते."

तेव्हा मी तिला आजोबांचं टोपलं सांगितलं. माझ्या तोंडून एवढं मोठं काही सलग निघालं, तेव्हा तीच ऐकत होती.

"म्हणजे चंद्राची मान धरणारे तुम्हीच?" ती म्हणाली. "अन् मी इतके वर्षं तुह्या बाजूले बसून राहिली."

"आजोबांनी सोडलं ते."

"बरं केलं. त्याच्या मागचा एक तरी कमी झाला."

ऑपरेशन चांगलं झालं. ओठावर टाक्यांची बारीक रेघ राहिली. सासू एकदा येऊन बघून गेली. म्हणाली, "एक मिरची नसती तोडली तं हे काही करा लागलं नसतं." पोरगी म्हणाली, "मग तुमी पिन लावाची होती मले." सासूला काही कळलं नाही. ती निघून गेली ती परत आली नाही.

त्यानंतर बैहरवाली पोरीला आणि नातीला घेऊन गावी गेली. इथं लेकराला जो तो ओठ बघायला यायचा, त्याला ती कंटाळली होती. म्हणाली, "दोन महिन्यांत येतो." कर्जाचे थोडे हप्ते भरले होते, बरेच बाकी होते. दोन महिने झाले, चार झाले. तिचा फोन आधी वाजायचा, मग बंदच लागायला लागला.

हप्ते मी भरू लागले. मी जामीन होते, त्यात गटाचं काही चुकत नव्हतं. जास्तीचं एक पोतं खुडायचं, संध्याकाळी उशिरा निघायचं. ढिगाची शेजारची जागा रिकामी होती, तिथं नवीन बाई बसली, ती शिंकायची. पैशाचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. त्या वर्षी घराचा पत्रा बदलायचा राहिला, पाऊस आला की आम्ही खाट सरकवत बसायचो. पण त्याहून मोठं दुसरंच होतं. दर बैठकीत कुणीतरी म्हणायचं, "काहून वं खापावाली, आली का तुही बैहरवाली?" आणि सगळ्या हसायच्या. मला रात्री वाटायचं, ती खरंच आली नाही तर? मग मी इतकी वर्षं जिच्या शेजारी बसले ती कोण होती? पैसे गेले तर परत मिळवता येतात. ती बाई गेली तर माझ्याकडे दुसरी नव्हती.

मला तिची गोष्ट फार आठवायची. चंद्राला कधी वाटत असेल का की आपण उगाच हो म्हटलं. खाली माणसं जेवून झोपलेली असतात. त्यातल्या एकालाही आठवण नसते.

असे दोन उन्हाळे गेले. मग एका होळीच्या पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं, चंद्र उगवतानाच लागलेला. मी तलावाकडच्या नळावर पाण्याला गेले होते. वस्तीत पोट्ट्यांचा गोंधळ चालला होता, लाकडं, शेण्या, रंग. वर बघायला कुणाला सवड नव्हती. तलावापलीकडच्या घरांमागून चंद्र वर आला, धुरकट तांबूस, आणि एका कडेनं काळा. बघता बघता ती कड उजळत गेली. पाण्यात दुसरा चंद्र होता, तोही तसाच हळूहळू भरत होता. माझी बादली भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही.

मागं अध्यक्षबाई उभी होती. तिनं नळ बंद केला आणि तीही वर बघू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "ते काही येत नाही आता, तुही बैहरवाली. तू उगाच वाट पाहून राहिली. तोंडानं बोलत नाहीस म्हणून लोक तुह्या डोक्यावर बसते."

मी म्हटलं, "येईन ते."

"कशावरून?"

मी बादली उचलली. 'येईन ते' हे मी चांगल्या मोठ्या आवाजात बोलले होते, आणि त्यानंतर बैठकीत मला कुणी ते विचारलं नाही. अध्यक्षबाईनंच त्यांना गप्प केलं असावं.

ती आली ती उन्हाळा संपता संपता. मी सातऱ्यावर खुडत होते. दुपारची वेळ, अंगातून नुसतं पाणी. कुणीतरी नव्या बाईला म्हणालं, "सरक वं, हे माही जागा आहे." मी मान वर केली. बैहरवाली होती, काळवंडलेली, अर्धी झालेली. कडेवर नात, तीन वर्षांची. तिनं नातीला माझ्या मांडीवर सोडलं आणि खाली बसून खुडायला लागली, काल उठून गेल्यासारखी.

"फोन विकला," ती ढिगाकडे बघत म्हणाली. "लेकरू मधात लय बिमार झालं होतं. आता चांगलं आहे. बोलते. ऐकशीन तं कान दुखतीन."

मी नातीला मांडीवर नीट बसवलं.

"रिकाम्या हातानं कशी येऊ तुह्या समोर? पहिल्या साली मोहा झाला नाही. औंदा झाला. मंग तेंदूपत्ता तोडला, मी अन् पोरगी दोघीनं. पोरगी अजून तोडूनच राहिली." मग ती म्हणाली, "तुले वाटलं असन मी पळाली."

"नाही वाटलं," मी म्हटलं.

"खोटं बोलते."

"कधी कधी वाटलं."

"हां. हे खरं."

नातीनं एक मिरची उचलली होती. मी घाईनं तिच्या हातातून काढून घेतली तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दे." शब्द थोडा नाकातून आला, पण स्पष्ट आला. ओठावरची रेघ जवळून बघितली तरच दिसत होती.

संध्याकाळी आम्ही तिघी अध्यक्षबाईकडे गेलो. मी भरले होते ते हप्ते सोडून कर्ज अजून थोडं बाकी होतं. बैहरवालीनं पदराची गाठ सोडली आणि ते तिथं भरलं. अध्यक्षबाईनं पैसे घेतले, तिला चहा दिला आणि नातीला बिस्किट दिलं. कुणी काही टोमणा मारला नाही. मग बाहेर ओट्यावर येऊन तिनं दुसरी गाठ सोडली. त्यात मी भरलेल्या हप्त्यांचे पैसे होते, तेंदूपत्त्याच्या हाताचा वास लागलेले. मी तसेच कमरेला खोचायला लागले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "मोजून घे. माह्यासमोर मोज." मी ओट्यावर बसून एकेक नोट मोजली. ती शेजारी बसून बघत होती, नात तिच्या खांद्यावर झोपली होती. एकही नोट कमी नव्हती. सगळे पैसे फिटले.